कुंभारणीची धाकटी बहीण

दाराच्या चौकटीवर, खिडकीच्या कोनाड्यात किंवा भिंतीवरील तसबिरीच्या मागे मातीचे इवलेसे मडके बांधणारी कुंभारीण आपण सर्वांनीच पाहिलेली आहे. कोठून तरी एक हिरवी अळी ती उचलून आणते, मडक्यात कोंडते, मडक्याचे तोंड मातीने लिंपते आणि उडून जाते. काही दिवसांनी मडके आतून फुटते आणि अळीऐवजी एक नवीकोरी कुंभारीण बाहेर पडते. आपल्या पूर्वजांनी हे दृश्य पाहिले आणि त्यातून एक सुंदर दृष्टान्त घडविला. भृंगीच्या भयाने तिचेच अखंड चिंतन करता करता अळी स्वतः भृंगी होऊन जाते, तद्वत् भक्त भगवंताशी एकरूप होतो, असा तो कीटकभृंगन्याय शतकानुशतके कीर्तनांतून आणि प्रवचनांतून सांगितला गेला आहे.

दृष्टान्ताची गोडी आहे तशीच राहू द्या. पण मडक्याच्या आत प्रत्यक्ष जे घडते ते अगदी निराळे असते. कुंभारीण अळीला दंश करते तो तिला मारण्यासाठी नव्हे, बधिर करण्यासाठी. मेलेली अळी कुजेल. बधिर अळी ताजी राहते. त्याच मडक्यात कुंभारणीने आपले एक अंडे ठेवलेले असते. अंड्यातून निघणारे तिचे पिलू त्या ताज्या शिधोरीवर वाढते आणि यथाकाल पंख फुटून बाहेर पडते. अळीची भृंगी होत नाही. अळी भृंगीच्या पिलाचे अन्न होते.

या कुंभारणीच्या विस्तीर्ण गोतावळ्यात तिच्या कितीतरी धाकट्या बहिणी आहेत. त्यांतल्या काही इतक्या लहान, की टाचणीच्या माथ्यावर सहज मावतील. मडके बांधण्याचे कष्ट त्या घेत नाहीत. ज्या किडीवर पिलू पोसायचे, त्या जिवंत किडीचे शरीर हेच त्यांचे मडके. अशा कीटकांना परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतात. मात्र गांधीलमाशी हा शब्द ऐकून दचकू नये, कारण या माश्या माणसाला दंश करीत नाहीत, आणि बहुधा त्या आपल्या दृष्टीसही पडत नाहीत. त्यांतल्या एका जातीची हकिकत आज सांगावयाची आहे. आपल्या घरातील पपई, उपवासाचा साबुदाणा आणि कपाटातील रेशमी वस्त्र या तिन्हींशी तिचा संबंध येतो.

सन 2008 मध्ये तामिळनाडूतील कोइमतूरच्या परिसरात पपईच्या बागांवर एक अपरिचित कीड दिसू लागली. पानांच्या मागे, देठांच्या बेचक्यांत, फळांवर पांढऱ्या पिठाचे थर साचावेत तशी ती दिसे. शेतकऱ्यांना पिठ्या ढेकूण नवा नव्हता. द्राक्षावर, सीताफळावर, जास्वंदीवर त्याच्या निरनिराळ्या जाती पूर्वीपासून होत्याच. परंतु ही जात वेगळी असल्याचे कीटकशास्त्रज्ञ रंगस्वामी मुनियप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही जात भारतात कोणत्या बोटीने वा विमानाने, कोणत्या रोपाच्या आडून आली, हे कोणी पाहिले नाही. अशा पाहुण्याची नोंद तो घर बळकावून बसल्यावरच होते.

या ढेकणाची मादी बिनपंखी असते. ती पिवळसर असून अंगावर मेणाची पांढरी भुकटी धारण करते आणि शेकडो अंडी कापसासारख्या पिशवीत घालते. अंड्यांतून निघणारी सूक्ष्म पिले वाऱ्यावर, मुंग्यांच्या वाटेने, मजुरांच्या कपड्यांना चिकटून आणि रोपांच्या टोपल्यांतून गावोगाव जातात. ती पानांतील रस शोषतात. पान आकसते, वाकडे होते, गळते. अंगातून पाझरणारा गोड चिकट स्राव पानांवर पसरतो आणि त्यावर काळी बुरशी चढून पान कोळशासारखे होते. या गोड स्रावासाठी मुंग्या ढेकणांची गुरांसारखी राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात, ही आणखी एक आपत्ती.

नाव पपईचे असले तरी या किडीला काहीही चालते. साठांहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तिने संसार मांडलेला आढळला. वांगी, टोमॅटो, पेरू, कापूस, जास्वंद, इतकेच काय आपल्या रस्त्यांच्या कडेला माजलेले गाजरगवतसुद्धा. गाजरगवत हेही अमेरिकेतूनच आलेले. एका परक्याने दुसऱ्या परक्याला ओसरी दिली म्हणावयाची. कोइमतूरहून निघालेली ही कीड अल्पावधीत दक्षिणेतील इतर राज्यांत पसरली आणि 2010 पर्यंत महाराष्ट्रात पुण्याच्या आसपासही येऊन पोहोचली.

तामिळनाडूत सेलम, नामक्कल, ईरोड या जिल्ह्यांत टॅपिओकाची म्हणजे साबुकंदाची मोठी लागवड होते. एकादशीला आपल्या घरी जी साबुदाण्याची खिचडी होते, तिचा साबुदाणा बहुतांशी याच भागातून येतो. हे पीक किडीच्या तडाख्यात सापडले. परंतु सर्वांत बिकट अवस्था झाली ती ईरोड आणि तिरुप्पूर जिल्ह्यांतील तुतीच्या मळेवाल्यांची.

रेशीमकिड्याचा संसार कसा चालतो ते ज्यांनी मराठवाड्यातील एखाद्या कीटकसंगोपनगृहात पाहिले असेल, त्यांना ही अवस्था चटकन समजेल. रेशमाची अळी तुतीच्या पानाखेरीज काही खात नाही. तिचे अळीपण तीन-चार आठवड्यांचे. पण त्या काळात लागणाऱ्या पाल्यापैकी फार मोठा भाग ती शेवटच्या सात-आठ दिवसांतच फस्त करते. त्या आठवड्यात संगोपनगृहात पावसाच्या सरींसारखा कुरतडण्याचा आवाज येत असतो आणि शेतकरी सारखा पाला कापून आणीत असतो. अशा वेळी तुतीवर पिठ्या ढेकूण पडला तर करावे काय? कापसाचा किंवा वांग्याचा शेतकरी निदान विषाचा फवारा उचलतो. तुतीवाल्याने तो उचलला, तर विष पानात उतरते आणि ते पान खाऊन ढेकणांबरोबर त्याचे रेशीमकिडेही मरतात. फवारावे तर पोटच्या पिकावर घाव, न फवारावे तर पालाच नाहीसा होणार. कित्येकांनी तुतीचे उभे मळे उपटून टाकले.

ज्यांना फवारणे शक्य होते, त्यांचेही फारसे भले झाले नाही. ढेकणाच्या अंगावरील मेणावरून औषधाचे थेंब ओघळून जातात. अंडी तर कापसाच्या गादीत सुरक्षित. आठ दिवस बरे वाटते, पुन्हा तेच पांढरे थर. शिवाय फवाऱ्याने ढेकूण खाणारे स्थानिक ढालकिडे आणि इतर भक्षक मात्र हटकून मरत. खर्च वाढत गेला, कीड हटेना.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न यावा. ही कीड इतकी भयंकर, तर मेक्सिकोत पपईचे एकही झाड उभे कसे? त्याचे उत्तर या किडीच्या नावाच्या इतिहासातच दडलेले आहे. तिचे नमुने मेक्सिकोत 1955 इतक्या पूर्वी गोळा झालेले होते. पण तिला शास्त्रीय नाव मिळाले 1992 मध्ये. सदतीस वर्षे तिचे बारसे करण्याची कोणाला निकड भासली नाही, कारण आपल्या मायदेशी ती कोणाला फारसा त्रासच देत नव्हती. तेथे तिच्या पाठीशी तिचे जन्माचे वैरी होते. पुढे 1990 नंतर ती कॅरिबियन बेटांत शिरली, 1998 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात दिसली, 2002 मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर. आणि जेथे जेथे ती एकटी गेली, वैरी मागे राहिले, तेथे तेथे तिने उच्छाद मांडला.

तेव्हा ते वैरीच शोधून आणावेत, असा विचार अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी केला. 1999 च्या सुमारास मेक्सिकोत जाऊन त्यांनी या ढेकणावर पोसणाऱ्या गांधीलमाश्या गोळा केल्या, आणि पोर्तो रिको व डॉमिनिकन प्रजासत्ताकात त्या सोडल्यावर ढेकणांचे थर ओसरले. त्यांतील सर्वांत कर्तबगार ठरलेल्या माशीला ऍसेरोफॅगस पपायी हे नाव मिळाले ते 2003 मध्ये. कामाला ती आधी लागली, बारसे मागाहून झाले.

ही माशी एक मिलिमीटरहूनही लहान, नारिंगी-पिवळ्या वर्णाची. ढेकणाचे लहान वयाचे पिलू ती पसंत करते. पानावर चालता चालता ती आपल्या मिशांनी त्याच्या पाठीवर थापट्या मारते. ही तिची परीक्षा असते: जात योग्य आहे काय, वय योग्य आहे काय, आणि आपल्या आधी दुसऱ्या कोणी येथे अंडे घातले आहे काय. मनाजोगे सापडले, की मागे वळून पोटाच्या टोकाची सुईसारखी नळी ती त्या मेणाखालच्या शरीरात खुपसते आणि अंडे आत सोडते. फवाऱ्याला न भेदता आलेले मेण तिला आड येत नाही. ढेकूण लगेच मरत नाही. काही दिवस खातपीत राहतो. आतली अळी मात्र त्याला आतून पोखरीत असते. अखेरीस त्याची कातडी फुगून, सुकून, तपकिरी पिंपासारखी कडक होते. या पिंपातच अळीचा कोष होतो, आणि अंडे घातल्यापासून सुमारे दोन आठवड्यांनी नवी माशी एक वाटोळे भोक कुरतडून बाहेर येते आणि तत्काळ पुढच्या ढेकणाच्या शोधास लागते.

या कुळातील माश्यांची एक चमत्कारिक गोष्ट सांगून पुढे जाऊ. फळलेल्या अंड्यातून मादी निपजते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणजे अपत्य मुलगा व्हावा की मुलगी, हे बऱ्याच अंशी आईच्या हाती असते.

भारतात हे काम बंगळूरच्या केंद्रीय संस्थेने अंगावर घेतले. ती आज राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन केंद्र या नावाने ओळखली जाते. बंगळूर हे या विद्येचे जुने ठाणे. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र तेथे 1957 मध्येच उघडले होते. जुलै 2010 मध्ये पोर्तो रिकोहून ऍसेरोफॅगस आणि तिच्या सोबतीला आणखी दोन जातींच्या गांधीलमाश्या बंगळूरला आल्या. प्रथम त्या विलग्नवासात, बंद प्रयोगशाळेत राहिल्या. त्यांच्यासोबत दुसरा कोणी परोपजीवी लपून आला नाही ना, आपल्याकडील उपकारक कीटकांना त्यांचा उपद्रव नाही ना, याची पाहणी झाली. मग त्यांची पैदास सुरू झाली. माशी वाढवायची तर आधी ढेकूण वाढवावा लागतो, आणि ढेकूण वाढवायचा तर त्याला हिरवे काही हवे. त्यासाठी उपयोगी पडला तो आपल्या स्वयंपाकघरातील बटाटा! अंधारात ठेवून मोड आलेल्या बटाट्यांच्या कोंबांवर ढेकूण पोसले गेले आणि ढेकणांवर माश्या. गृहिणी ज्या बटाट्याला मोड आले म्हणून बाजूस टाकते, तोच येथे राष्ट्रकार्यास लागला.

ऑक्टोबर 2010 पासून तामिळनाडूत माश्या सोडण्यास आरंभ झाला. कृषि विद्यापीठ, कृषि विज्ञान केंद्रे आणि रेशीम खाते यांच्यामार्फत माश्यांच्या लहान कुप्या गावोगाव गेल्या. कुपीचे बूच काढावयाचे, किडलेल्या झाडाजवळ ती धरावयाची, एवढेच काम. पुढचे माश्यांनी करावयाचे.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी कसोटी बूच काढल्यानंतरची होती. माशी सोडल्यावर फवारणी बंद ठेवली पाहिजे, कारण ज्या विषाला ढेकूण दाद देत नाही, त्या विषाने माशी क्षणात मरते. झाडे पांढरी दिसत असताना, डोळ्यांदेखत पाला जात असताना, दृष्टीस न पडणाऱ्या कीटकावर भरवसा ठेवून हात बांधून बसणे सोपे नव्हे. दुकानात औषधाची बाटली समोर असते. तिचा परिणाम आज संध्याकाळी दिसतो. माशीचा परिणाम दिसावयास महिने लागतात. याबाबतीत तुतीवाले एका परीने सुदैवी ठरले, असे मला वाटते. फवारा त्यांना मुळातच वर्ज्य होता, त्यामुळे त्यांच्या मळ्यांत माश्यांना निर्वेध संसार थाटता आला.

साधारण सहा महिन्यांत ढेकणांचे थर विरळ होऊ लागले. पानांमागे पांढऱ्या पिठाऐवजी तपकिरी, भोके पडलेली पिंपे दिसू लागली. तामिळनाडूपाठोपाठ इतर राज्यांतही माश्या गेल्या, आणि काही ठिकाणी कोणी न सोडताही वाऱ्याबरोबर पोहोचल्या. तुतीची लागवड पुन्हा उभी राहिली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासाने पाच वर्षांच्या लाभाचा अंदाज केला. त्यातील सर्वांत सावध आकडासुद्धा 50 कोटी डॉलरांच्या वर जातो. ढेकूण मात्र समूळ नष्ट झाला नाही, आणि तसे होणेही नाही. ढेकूण अगदी संपला तर माशी उपाशी मरेल. थोडे ढेकूण, थोड्या माश्या, असा तो व्यवहार चालू राहतो. झाडाला तेवढे सोसते.

आता एक शंका. एक परका आवरण्यासाठी दुसरा परका आणावयाचा, हा खेळ अंगाशी येणार नाही काय? ही शंका रास्त आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. आपल्याच देशातील मुंगसे 1872 मध्ये जमेका बेटावर नेण्यात आली, ती उसाच्या शेतांतील उंदीर मारण्यासाठी. त्यांनी उंदीर खाल्ले, तसे जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरडेही खाल्ले. 1935 मध्ये ऑस्ट्रेलियात उसाचे भुंगेरे खाण्यासाठी आणलेल्या बेडकांनी भुंगेऱ्यांकडे दुर्लक्ष केले आणि आज ते बेडूकच तेथे मोठे संकट होऊन बसले आहेत. पण या दोन्ही प्राण्यांत साम्य आहे ते असे, की मिळेल ते खाण्याची त्यांची वृत्ती. ऍसेरोफॅगस नेमकी उलट. तिची भूक एका विशिष्ट ढेकणापुरतीच. म्हणूनच जैविक नियंत्रणाच्या शास्त्रात चोखंदळपणा हा पहिला गुण मानला जातो, आणि म्हणूनच विलग्नवासातील पाहणीला एवढे महत्त्व आहे. हौसेखातर परदेशाहून रोप किंवा कलम सामानात दडवून आणणारा प्रवासी मात्र ही सारी पाहणी टाळून येतो. त्याला आपण सुशिक्षित म्हणतो!

आपल्या परसात पपई, जास्वंद किंवा पेरू असेल, तर एका सकाळी पानांची मागची बाजू पाहा. पांढरे थर दिसले तर चटकन औषधाच्या दुकानाकडे धावू नका. प्रथम साधे भिंग घेऊन ढेकणांत काही फुगलेले, तपकिरी आणि कडक झालेले आहेत काय ते पाहा. त्यांच्या टोकाशी वाटोळे भोक असेल, तर आपला रखवालदार येऊन पोहोचला आहे असे समजा आणि विष टाळा. फार किडलेले शेंडे कापावयाचे झाल्यास असे तपकिरी ढेकूण असलेला पाला लगेच जाळू नये. तो झाडाखालीच टोपलीत काही दिवस ठेवावा, म्हणजे आतील माश्या निघून वर जातील. पाण्याचा जोराचा फवारा मारून थर धुऊन काढणे हा निरुपद्रवी उपाय आहे. बुंध्यावरून चढणाऱ्या मुंग्यांना अटकाव केला, तर माश्यांचे काम निम्म्याने हलके होते.

पपईची हकिकत येथे संपली असती; पण साबुदाण्याच्या मुलखावर पुन्हा एक पाहुणा आला. साबुकंदाचा स्वतंत्र पिठ्या ढेकूण 2020 मध्ये केरळातील त्रिशूरजवळ प्रथम आढळला. ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतील. 1970 नंतर ती आफ्रिकेत शिरली, तेव्हा ज्या कोट्यवधी लोकांचे साबुकंद हे रोजचे अन्न आहे त्यांच्या घरात अन्नान्नदशा होण्याची वेळ आली होती. तिचा वैरी 1981 मध्ये पॅराग्वेत सापडला. तीही एक लहानशी गांधीलमाशी, ऍनागायरस लोपेझी. हान्स हेरेन या स्विस कीटकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ती आफ्रिकेतील देशोदेशी सोडण्यात आली, आणि त्या कार्याबद्दल हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तीच माशी 2021 मध्ये आफ्रिकेतील बेनिन देशातून बंगळूरला आली. पुन्हा तोच विलग्नवास, तीच पैदास. आणि मार्च 2022 मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूरच्या साबुकंद संशोधन केंद्रात कुप्यांची बुचे काढण्यात आली. पॅराग्वेहून निघून आफ्रिकामार्गे आलेल्या त्या माश्या तेथील कंदाच्या पानांवर उतरल्या आणि मिशांनी थापट्या मारीत आपल्या कामाला लागल्या.